पाऊण मिनिटाचे ओव्हरटेक

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यात एक भरलेला ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालला आहे आणि त्याच्यामागून कंटेनर लादलेला ट्रेलर ६५ने येतो आहे, असे धरू. ट्रेलरच्या चालकाला पुढची गाडी काढायची आहे. ट्रकची लांबी १२ मीटर, ट्रेलरची १६. लेन बदलताना पुढच्या गाडीपासून २५ मीटर अंतर राखायचे आणि पुन्हा डावीकडे येताना तिच्यापुढे तेवढीच जागा सोडायची, तर ट्रेलरला ट्रकपेक्षा ७८ मीटर जास्त कापावे लागतात. वेगातला फरक मात्र ताशी ५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.४ मीटर. ७८ मीटर भरून काढायला ५६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ट्रेलर जवळजवळ एक किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि तो सगळा किलोमीटरभर त्याने मधली लेन अडवलेली असते.

आता मागून येणाऱ्या कारचा हिशोब करू. तिला १००ची मर्यादा आहे आणि ती मर्यादेतच आहे. ट्रेलरपेक्षा ती ताशी ३५ किलोमीटरने जोरात आहे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १० मीटर जवळ सरकते. ५६ सेकंदांत हे अंतर साडेपाचशे मीटरच्या घरात जाते. याचा अर्थ, ट्रेलर मधल्या लेनमध्ये आला त्या क्षणी त्याच लेनमध्ये मागे अर्ध्या किलोमीटरच्या आत जी कोणती कार असेल तिला एकतर ब्रेक मारावा लागणार किंवा उजवीकडच्या लेनमध्ये घुसावे लागणार. उजवीकडे आधीच कुणी असेल तर मग ब्रेक त्याला. अर्धा किलोमीटर मागची कार ट्रेलरच्या आरशात दिवसा ठिपक्याएवढी दिसते आणि रात्री नुसते दोन दिवे दिसतात. ती किती लांब आहे आणि किती वेगात आहे, याचा अंदाज अनुभवी चालकालाही लागत नाही. दोघांपैकी कुणीही वेगमर्यादा मोडलेली नाही, कुणी प्यायलेले नाही, कुणी मोबाइलवर बोलत नाही, आणि तरी अपघाताची तयारी पूर्ण झालेली आहे. आपल्याकडे रस्ता सुरक्षेची चर्चा वेगमर्यादेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. खालापूर टोलनाक्यापासून बोरघाटाच्या माथ्यापर्यंत अवजड गाड्यांनी एकमेकींना ओलांडणे पूर्ण बंद करावे आणि सपाटीवर त्याला वेगाच्या फरकाची अट घालावी, असे माझे म्हणणे आहे. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांनी जे साधत नाही ते यातून साधेल.

हा रस्ता कसा आहे ते आधी पाहू. कळंबोलीपासून देहूरोडजवळच्या किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यातला रायगडचा अवघड भाग खालापूर तालुक्यात आहे: माडप बोगदा, खालापूरचा टोलनाका, खोपोलीचे वळण, आडोशी बोगदा आणि मग बोरघाटाचा चढ. सपाटीवर जाण्यायेण्याला तीन-तीन लेन आहेत. नियम असा की अवजड गाडीने डावीकडची लेन धरावी, मधली हलक्या वाहनांची, आणि उजवीकडची फक्त ओलांडण्यासाठी. घाटात मात्र जुना राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकाच रस्त्याने जातात. चार पदरांची आणि सहा पदरांची वाहतूक मिळून सहा पदरांत बसवावी लागते, आणि खंडाळ्याच्या बोगद्यापाशी जागा आणखी आवळते. रस्ते विकास महामंडळाने खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’ आखली तिच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल वाहतुकीला अडचण होतो म्हणून एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत पाडला, तोही याच पट्ट्यात. जिथे रस्ता सर्वांत अरुंद, तिथेच चढ सर्वांत उभा आणि तिथेच अवजड गाड्यांच्या वेगात सर्वांत जास्त तफावत, असा हा योग आहे.

चढावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीतला फरक उघडा पडतो. सपाटीवर ट्रक आणि ट्रेलर साधारण एका वेगाने चालतात, कारण १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना ८०च्या वर जाऊ न देणारे वेगनियंत्रक सक्तीचे आहेत. घाट लागला की कुणी २५ने चढतो, कुणी १७ने, आणि न्हावाशेवा बंदरावरून जड कंटेनर घेऊन निघालेला एखादा १२वर येतो. १७ने चाललेल्या गाडीला २०ने चाललेली गाडी ओलांडू लागली, तर दोन्ही बाजूंना १५ मीटर एवढेच अंतर ठेवले तरी ७० सेकंद लागतात. त्यात सुमारे चारशे मीटर रस्ता खर्च होतो, आणि घाटात चारशे मीटर सरळ रस्ता मिळणे कठीण. म्हणजे ओव्हरटेक सुरू होते एका वळणाआधी आणि संपते दुसऱ्या वळणानंतर. मागून ६०च्या मर्यादेत येणाऱ्या कारला वळण संपताच समोर दोन लेन भरून २०ने सरकणारी लोखंडी भिंत दिसते. तिसऱ्या लेनमध्ये कुणी तिसराच ट्रेलर काढायला निघालेला असेल, तर तीही जागा उरत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी घाटात तासन्‌तास वाहने अडकून पडल्याच्या बातम्या येतात. महामार्ग पोलिसांना अशा दिवशी काही तास अवजड वाहतूकच रोखून धरावी लागते. गाड्यांची संख्या हे त्याचे कारण आहेच, पण तिन्ही लेनमध्ये एकाच वेळी सरपटणारे ट्रेलर हेही तितकेच मोठे कारण आहे.

अपघातांचे स्वरूप काय सांगते? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेल्याची नोंद आहे. अपघातांच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा, एक पंचमांशाहून जास्त. दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरासमोरची टक्कर टळते आणि धोका मागच्या बाजूला सरकतो. द्रुतगती मार्ग याचे ठळक उदाहरण आहे. १४ ऑगस्ट २०२२च्या पहाटे माडप बोगद्याजवळ शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांची गाडी पुढच्या अवजड वाहनावर आदळली आणि त्यांचे निधन झाले. त्याआधी २००१च्या फेब्रुवारीत भाताण बोगद्याजवळच्या अपघातात अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. नावाजलेल्या माणसांचे अपघात लक्षात राहतात. बाकीचे खालापूर आणि खोपोलीच्या पोलीस ठाण्यांच्या नोंदींत राहतात, आणि रात्री-अपरात्री मदतीला धावणाऱ्या खोपोलीतल्या स्वयंसेवकांच्या आठवणीत.

कार ट्रकवर मागून आदळते तेव्हा काय होते हे जवळून पाहायला हवे, कारण धोक्याचे खरे माप तिथे कळते. कारची सगळी सुरक्षा बॉनेटच्या उंचीवर बांधलेली असते. पुढचा भाग चेपतो, धक्का शोषतो, एअरबॅग उघडते, पट्टा धरून ठेवतो. ट्रकच्या मागचा पाटा मात्र त्या उंचीच्या वर असतो. त्याच्याखाली आडवा संरक्षक बार असावा असा नियम आहे, पण कित्येक गाड्यांचा बार वाकलेला, गंजलेला किंवा नुसता दाखवण्यापुरता लावलेला असतो. मग बॉनेट खाली शिरते आणि पहिला मार काचेवर, छतावर, माणसांच्या डोक्यावर बसतो. पट्टा लावलेला असो वा नसो, तिथे त्याचा उपयोग फार थोडा. त्यात रात्र असेल तर आणखी वाईट. मंद केलेल्या दिव्याचा झोत पन्नास-साठ मीटर पोचतो आणि कोरड्या रस्त्यावर १००ने येणाऱ्या कारला थांबायला शंभरएक मीटर लागतात. मागचे दिवे चिखलाने माखलेला, परावर्तक पट्ट्या निघालेला ट्रेलर त्या झोतात येईपर्यंत उशीर झालेला असतो. असा ट्रेलर डाव्या लेनमध्ये असेल तर मागच्याला निदान तिथे काहीतरी संथ असणार हे ठाऊक असते. मधल्या लेनमध्ये त्याची अपेक्षाच नसते. संथ वाहन कुठे असेल हे आधी माहीत असण्याचा फायदा मोठा आहे, आणि ट्रकच्या ओव्हरटेकने नेमका तोच फायदा हिरावला जातो.

चालकाला दोष देऊन प्रश्न मिटत असता तर तो कधीच मिटला असता. ट्रकचा चालक पुढची गाडी का काढतो? बंदरावरून कंटेनर उचलून चाकणच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यात ठरलेल्या वेळेला पोचवायचा असतो. पगार अनेकदा फेरीवर असतो आणि फेरी लवकर संपली तर पुढची मिळते. चढावर वेग तुटला, खालचा गिअर टाकावा लागला, तर गाडी पुन्हा वेगात यायला वेळ आणि डिझेल दोन्ही जातात, म्हणून पुढची गाडी मंदावते आहे असे दिसताच तो मागे अडकण्याआधीच बाहेर निघतो. त्याच्या खुर्चीवरून पाहिले तर हा निर्णय शहाणपणाचा आहे. त्याच्या ५६ सेकंदांची किंमत मागचे लोक देतात आणि तो हिशोब त्याच्यापुढे येतच नाही. यात भर पडते ती डावीकडच्या आंधळ्या कोपऱ्याची. चालक उजवीकडे उंचावर बसतो. डाव्या बाजूला दरवाजाच्या खाली आणि ट्रॉलीच्या कडेला आलेली कार त्याला दिसतच नाही. पूर्वी क्लीनर खिडकीतून डोके काढून पाहायचा, दारावर थाप मारून ‘चला’ किंवा ‘थांबा’ सांगायचा. आता कितीतरी गाड्यांवर चालक एकटाच असतो. मधल्या लेनमधून डावीकडे परत येताना कुणी घाईने डावीकडून घुसला असेल, तर तो चालकाला कळतो धक्का लागल्यावरच.

‘मग दोषी कारवालेच की!’ हा आक्षेप इथे येतो आणि त्यात बरेच तथ्य आहे. उजव्या लेनमध्ये ७०ने निवांत चालणारी कार, तिला वैतागून डावीकडून काढणारी दुसरी, घाटात ट्रेलरच्या दोन फुटांवरून वळणावर आत शिरणारी तिसरी, आणि ट्रेलरने ब्रेकसाठी राखलेले अंतर ‘रिकामी जागा’ समजून बळकावणारी चौथी: हे सगळे द्रुतगती मार्गावर रोज घडते. १००च्या जागी १३०ने चालणाऱ्या कारसाठी वरचा साडेपाचशे मीटरचा हिशोब एक किलोमीटरवर जातो. तेव्हा कारचा वेग आणि कारची लेनशिस्त यांवर कारवाई हवी, हे निर्विवाद. पण दोन्ही बाजू सारख्या दोषी म्हणून दोन्ही सोडून देणे हे त्याचे उत्तर होत नाही. कारचालक लाखो, त्यांतले कित्येक वर्षातून दोनदा घाट चढणारे; त्यांच्या सवयी बदलायला एक पिढी जाईल. अवजड गाड्या चालवणारे व्यवसायाने चालवतात, टोलनाक्यावर थांबतात, त्यांचे मालक, परवाने, वाहतूक संघटना सगळे नोंदलेले आहेत. नियम लवकर आणि खात्रीने रुजेल तो त्यांच्यात. शिवाय अवजड गाड्या डावीकडे एका रांगेत राहिल्या की कारला डावीकडून काढायचे कारणही उरत नाही. एका बाजूची शिस्त दुसऱ्या बाजूचीही सोपी करून देते.

दुसरा आक्षेप वाहतूकदारांचा: ओलांडू दिले नाही तर माल वेळेवर कसा पोचणार? आकडे मांडून पाहू. दहा किलोमीटरचा चढ २०ने चढायला अर्धा तास लागतो. पुढे १७ने चालणारी गाडी अडकली तर पस्तीस मिनिटे. पाच मिनिटांचा तोटा, आणि त्याच्या बदल्यात घाट मोकळा राहिला, अपघातामुळे रस्ता तीन तास बंद पडण्याचे प्रसंग कमी झाले, तर वाहतूकदार फायद्यातच आहे. कठीण उदाहरण वेगळे आहे. पुढची गाडी १२ने रांगत असेल आणि मागची २५ने चढू शकत असेल, तर तोटा पाच मिनिटांचा राहत नाही, पंचवीस मिनिटांच्या वर जातो. आणि असा ताटकळलेला चालक नियम मोडणारच. म्हणून नुसती बंदी पुरत नाही. १२ने रांगणारी गाडी मुळात घाटात का शिरली, हे खालापूरला विचारले गेले पाहिजे. क्षमतेपेक्षा जास्त माल असेल तर तिथल्या वजनकाट्यावरच ती बाजूला घ्यावी. इंजिनच दमलेले असेल तर घाटात ठरावीक अंतरावर अशी जागा हवी जिथे सर्वांत संथ गाडी मिनिटभर बाजूला होईल आणि मागची रांग पुढे जाईल. ओलांडायचे असेल ते तिथे, त्या ठरलेल्या जागी.

तिसरा आक्षेप चालक स्वतः घेतात आणि तो सर्वांत सबळ आहे. डावी लेन मोकळी असतेच कुठे? चढावर गरम होऊन बंद पडलेला ट्रक, फुटलेला टायर, मागे चार दगड आणि झाडाची तोडलेली फांदी ठेवून गाडीखाली शिरलेला चालक: डाव्या लेनमध्ये हे चित्र सरसकट दिसते. रात्री ती फांदी दिसते तेव्हा थांबायला जागा नसते आणि भरधाव मधल्या लेनमध्ये फिरावे लागते. ‘डावीकडेच राहा’ असा दंडक घालणाऱ्या यंत्रणेने डावी लेन चालण्याजोगी ठेवण्याची हमी आधी दिली पाहिजे. हे अशक्य नाही, याचा दाखला याच रस्त्याने दिला आहे. २०१६ मध्ये द्रुतगती मार्गावर १५१ माणसे मेली होती. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र यांनी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हाती घेतला. अपघाताच्या जागा एकेक करून तपासल्या, उघडे खांब आणि कठड्यांची टोके झाकली, उभ्या गाड्या हटवण्यावर भर दिला, जखमींपर्यंत पोचण्याची व्यवस्था सुधारली. २०२३ पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. घरोघरी शिस्तीचे धडे देऊन हे झाले नाही; रस्त्यावर कुठे काय उभे आहे याची रोजची झाडाझडती घेऊन झाले. तीच झाडाझडती डाव्या लेनची व्हावी.

घाट चढण्याइतकाच उतरण्याचा प्रश्न आहे आणि तिथे ओलांडणे जिवावर बेतते. घाटमाथ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर खाली उतरतो. चाळीस टनांचा ट्रेलर एवढा खाली आणताना जी ऊर्जा ब्रेकांना आणि इंजिनाला गिळावी लागते, ती साडेपाच लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेएवढी भरते. खालचा गिअर धरून उतरले तर मोठा वाटा इंजिन घेते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, किंवा पुढची गाडी काढण्यासाठी वेग वाढू दिला आणि मग ब्रेक दाबत बसले, तर सगळी उष्णता लायनरवर येते. लायनर तापले की पेडल दाबले जाते, पण गाडी ऐकत नाही. २६ जुलै २०२५ला पुण्याकडून उतरणारा एक कंटेनर असाच अनावर होऊन आडोशी बोगद्याच्या परिसरात वीसएक वाहनांवर गेला. एका महिलेचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. उतारावर अवजड गाडीने दुसरीला ओलांडायचे तर वेग वाढवावाच लागतो, आणि वाढलेला वेग परत कमी करण्याची ताकद तिच्याकडे उरलेली असेलच असे नाही. चालकांची तक्रार अशी की घाटात ठरवून दिलेली संथ मर्यादा पाळणे कठीण जाते आणि कॅमेऱ्याचा दंड मात्र चुकत नाही. पण पाचवा-सहावा गिअर धरून ती पाळणे कठीणच. दुसरा-तिसरा धरला तर इंजिनच वेग रोखते. घाटमाथ्यावर थांबून गिअर बदलण्याची सक्ती आणि त्यासाठी पुरेशी जागा, हे दंडापेक्षा जास्त कामाचे आहे.

ही सक्ती जाचक वाटत असेल तर शेजारच्या घाटाकडे पाहावे. कर्जत ते लोणावळा रेल्वेघाट १८६३ मध्ये सुरू झाला. सदतीस मीटरमागे एक मीटर असा त्याचा चढ. आजही वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून बँकर इंजिने लागतात. त्यांच्यासाठी गाडी थांबते आणि वर्षानुवर्षे प्रवासी त्या थांब्यात वडापाव घेतात. उतरणाऱ्या गाडीला घाटात ठरलेल्या ठिकाणी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. ती ठरल्याप्रमाणे आली नाही तर रूळ तिला सरळ मार्गाकडे सोडत नाहीत, कॅच साइडिंगकडे, म्हणजे चढाच्या आडवळणाकडे नेतात, तिथे ती आपोआप थांबते. इंजिनचालक कितीही अनुभवी असो, उतारावरचा वेग त्याच्या एकट्याच्या मर्जीवर रेल्वेने कधी सोडला नाही. रेल्वे एका मालकाची आणि रस्त्यावर हजारो मालक, त्यामुळे ही तुलना लागू नाही, असे कुणी म्हणेल. पण द्रुतगती मार्ग हा सर्वसाधारण रस्ता नव्हे. दोन्ही टोकांना बंद, मध्ये मोजके फाटे, दुचाकी-रिक्षा-ट्रॅक्टरला मनाई, टोल भरल्याशिवाय प्रवेश नाही, आणि सांभाळणारी संस्था एकच. रेल्वेसारखी शिस्त लावता येईल असा रस्ता महाराष्ट्रात असेल तर तो हाच.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न आकड्यांत आणला आहे. जर्मनीत ट्रकांच्या या रेंगाळत्या चढाओढीला ‘हत्तींची शर्यत’ म्हणतात. हामच्या उच्च न्यायालयाने २००८ मध्ये मापच घालून दिले: ओलांडणे साधारण ४५ सेकंदांत पुरे व्हावे, आणि त्यासाठी वेगात किमान ताशी १० किलोमीटरचा फरक असावा. ब्रिटनमध्ये तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर साडेसात टनांवरच्या मालवाहू गाडीला सर्वांत उजवीकडच्या लेनमध्ये जाताच येत नाही. नेदरलँड्समध्ये गर्दीच्या वेळी ट्रकांना ओलांडायला बंदी असलेले पट्टे आहेत. आपल्याकडे मोटार वाहन चालन विनियम २०१७ मध्ये लेन आणि ओलांडण्याचे नियम आहेत, २०१९च्या कायदा दुरुस्तीने चुकीचे ओलांडणे हे धोकादायक वाहन चालवण्यात धरले आहे. उणीव आहे ती पोलिसाला आणि चालकाला दोघांनाही मोजता येईल अशा मापाची. दहा किलोमीटरचा फरक ही अट सपाटीवर लावली, तर सुरुवातीला धरलेला ट्रेलर एकतर मागे थांबेल किंवा पुढच्याचा वेग ५५च्या खाली येईपर्यंत वाट पाहील, आणि मधली लेन अडवून ठेवण्याचा काळ निम्म्यावर, २८ सेकंदांवर येईल.

कर्जतकडच्या रस्त्यांना हे माप लावता येणार नाही, तिथला धोका समोरून येतो. कर्जत-चौक किंवा कर्जत-नेरळ रस्त्यावर दुभाजक नसलेल्या पट्ट्यात ट्रक ओलांडायचा तर समोरच्या बाजूची लेन उसनी घ्यावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार ताशी ६०च्या रस्त्यावर त्यासाठी ३०० मीटर आणि ८०च्या रस्त्यावर ४७० मीटर समोरचे स्वच्छ दिसले पाहिजे. शनिवारी फार्महाउसकडे निघालेल्या गाड्या, रेती-खडीचे डंपर आणि एसटी यांच्या गर्दीत एवढे मोकळे अंतर क्वचित मिळते. हा प्रश्न इथे काढण्याचे कारण असे की घाटात वाहतूक अडली की तिचा लोंढा चौक, खालापूर फाटा आणि खोपोलीच्या शीळफाट्यावर उतरतो, आणि तीन लेनच्या रस्त्यावर ट्रेलर काढण्याची सवय झालेला चालक तोच हिशोब या दोन लेनच्या रस्त्यावर लावतो. वरच्या रस्त्यावरच्या बेशिस्तीची झळ खालच्या गावांना अशी बसते.

मिसिंग लिंकने हे सगळे मिटेल, असेही ऐकू येते. तेरा किलोमीटरच्या त्या मार्गाने खोपोली ते कुसगावचे अंतर सहा किलोमीटरने घटते आणि अवघड वळणे टळतात, यात शंका नाही. पण लांब बोगद्यात ८०चा ट्रेलर आणि १००ची कार यांच्यातली तफावत तशीच राहते. उलट बोगद्यात बाजूला व्हायला जागा कमी, आणि धूर-आग यांचा धोका जास्त. माडपपासून खालापूरपर्यंतचा सपाट पट्टा तर या मार्गाच्या अलीकडेच राहतो. नवा रस्ता सुरू होतो त्या दिवसापासून तिथे ट्रकांना ओलांडायला बंदी असली, तर लोकांच्या सवयी तशाच पडतील. सैल सोडून दोन वर्षांनी घट्ट करायला गेले तर ते होत नाही.

अंमलबजावणीची साधने हाताशी आहेत. २०२४ मध्ये द्रुतगती मार्गावर वाहतूक व्यवस्थापनाची कॅमेरा यंत्रणा सुरू झाली; ती वेगाबरोबर लेन मोडणेही टिपते. कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमध्ये एखादा ट्रेलर मधल्या लेनमध्ये किती वेळ होता, हे तिला सांगता येणे कठीण नाही. पण अशा दंडाचा रोख एकट्या चालकावर असू नये. मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ मध्येच सांगितले होते की चालकाचे काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. बंदरातल्या रांगेत रात्र काढून पहाटे घाट चढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे तास कोण मोजतो? ज्या कारखान्याचा माल आणि ज्या मालकाची गाडी, त्यांनी ठरवलेल्या वेळेत घाटाची खरी वेळ धरलेली नसेल, तर लेन मोडण्याच्या दंडात त्यांचाही वाटा हवा. एकाच मालकाच्या गाड्या पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यात पकडल्या जात असतील, तर परिवहन कार्यालयाने त्याच्या परवान्याकडे पाहावे. आणि खालापूरच्या अलीकडे ट्रेलर उभे करायला, चालकाला तासभर आडवे व्हायला, ब्रेक आणि टायर तपासून घ्यायला मोठा, उजेड असलेला, फुकट तळ हवा. टोलच्या पैशातून तो आधी बांधावा आणि ओलांडण्यावरची बंदी तो खुला होईल त्या दिवसापासून लागू करावी.